जुन्या किट कारची पेट्रोल टाकी गेलीये? बदली टाकी शोधण्यापासून बसवण्यापर्यंत

जुन्या किट कारची (म्हणजे कंपनीकडून बॉडी-चॅसिसचा संच घेऊन दुसऱ्या गाडीचे भाग लावून बांधलेल्या गाडीची) टाकी गळायला लागली की बहुतेक जण आधी गाडीचं नाव टाकून फ्युएल टँक असं सर्च करतात आणि हाती काहीच लागत नाही. लागणार कसं, ती किट बनवणारी कंपनी बहुधा कधीच बंद पडलीये, तिचे साचे तीन-चार हातांतून फिरलेत, आणि मुळात गाड्याच काही शे बनल्या असतील तर त्यांच्यासाठी नवीन टाक्या कोण बनवत बसणार. पण यातल्या बऱ्याच कंपन्यांनी स्वतःची टाकी कधी बनवलीच नव्हती. चालू गाडीची टाकी उचलायची आणि आपल्या चॅसिसवर बसवायची, किट कारचा मूळ हिशोबच तो. म्हणजे तुमची टाकी बाजारात आहे, फक्त दुसऱ्याच गाडीच्या नावाने विकली जाते. ते नाव शोधून काढलं की निम्म्याहून जास्त काम झालं, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

टाकी नेमकी कोणाची

सुरुवात डोनर गाडीपासून करा, म्हणजे जिचे भाग तुमच्या किट कारमध्ये वापरलेत त्या गाडीपासून. डटन असेल तर बहुतेक वेळा खाली फोर्ड एस्कॉर्ट असते, जेंट्री आणि स्पार्टन असेल तर ट्रायम्फ हेराल्डचं कुटुंब, सुरुवातीच्या एनजी असतील तर एमजीबी, जीटीएम किंवा मिनी मार्कोस असेल तर मिनी, आणि नोव्हा किंवा मेयर्स मँक्ससारखी बग्गी असेल तर फोक्सवॅगन बीटल. या सगळ्या डोनर गाड्या लाखांनी बनल्या, त्यांचे चाहते अजून आहेत, त्यामुळे यातल्या बऱ्याच गाड्यांच्या टाक्या आजही नव्या बनवून विकल्या जातात.

पण इंजिनचा डोनर आणि टाकीचा डोनर एकच असतो असं धरून चालू नका. माझ्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल सगळं एस्कॉर्टचं, म्हणून मी सरळ एस्कॉर्टची टाकी मागवली, ती आली, आणि जागेवर धरून बघितली तेव्हा कळलं की माझ्या गाडीत आधीपासून मिनीची टाकी बसलेली होती. ज्याने ती पहिल्यांदा बांधली त्याच्याकडे जे होतं ते त्याने बसवलं. एकाच मॉडेलच्या दोन किट कारमध्ये दोन वेगळ्या टाक्या सापडतात, त्यामुळे बिल्ड मॅन्युअल असेल तर जरूर वाचा पण शेवटी विश्वास गाडीखाली वाकून बघितलेल्या गोष्टीवरच ठेवा.

खाली वाकल्यावर पहिली गोष्ट बघायची ती शिवण. दोन दाबलेले अर्धे भाग मध्ये पसरट कडेने जोडलेले दिसले, पत्र्यात प्रेसने उठवलेल्या रेघा दिसल्या, तर ती फॅक्टरीची टाकी आहे, तिचा मूळ मालक सापडणार. उलट पत्रा सरळ वाकवून कोपऱ्यांवर हाताने केलेलं वेल्डिंग दिसलं तर ती कोणीतरी एकदाच बनवलेली टाकी आहे, तिच्यासारखी दुसरी शोधण्यात वेळ घालवू नका, सरळ खाली बनवून घेण्याच्या भागाकडे जा.

फॅक्टरीची असेल तर पृष्ठभाग पुसून छापलेला नंबर किंवा लोगो शोधा, गंजाखाली अर्धवट असला तरी मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरपा पाडला की वाचता येतो (टॉर्च फोनचा, तारेवरचा बल्ब अजिबात नको). मग मापं घ्या. लांबी, रुंदी, उंची तर घ्याच, पण ओळख पटते ती बारीक मापांवरून, म्हणजे बोल्टच्या भोकांमधलं अंतर, फिलरच्या (पेट्रोल भरायच्या) नळीचा बाहेरचा व्यास, पेट्रोल बाहेर जाणारी नळी वर आहे की खाली, सेंडर (पेट्रोल किती आहे ते गेजला कळवणारा फ्लोटचा भाग) बाजूला आहे की वर, आणि तो स्क्रूने बसलाय की फिरवून लॉक होणाऱ्या रिंगने. प्रत्येक बाजूचा फोटो मेजरिंग टेप शेजारी ठेवून काढा. डोनर गाडीच्या क्लबमध्ये हे फोटो दाखवून ही कशाची टाकी आहे असं विचारलं तर कोणीतरी ओळखतंच, आणि माझ्या अनुभवात किट कारवाल्यांपेक्षा डोनरवाले जास्त पटकन ओळखतात कारण त्यांनी ती टाकी दहा वेळा काढलेली असते.

गाडी ओळखली तरी साल महत्त्वाचं आहे. बीटलची टाकी १९६१ च्या मॉडेलपासून चपटी झाली, आणि पुढे १३०२ सुपर बीटलची परत वेगळी. मिनीची टाकी आधी साधारण २५ लिटरची होती, नंतर ३४ लिटरची आली, आणि कूपर एसमध्ये डावीकडच्या टाकीच्या जोडीला उजवीकडे दुसरी टाकी असायची. गॅलनमध्ये माप दिलं असेल तर कोणता गॅलन ते विचारा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आणि अमेरिकन ३.७८५ लिटरचा, १० गॅलनच्या टाकीत साडेसात लिटरचा फरक पडतो.

काढताना, हे गंभीरपणे घ्या

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक असते, आणि बऱ्याच लोकांना नेमकं हेच माहीत नसतं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेटते, म्हणजे खूप थोडी वाफ पुरते, आणि तळाला उरलेलं कपभर पेट्रोलसुद्धा तेवढी वाफ आरामात तयार करतं. ती वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, गाडीखालच्या खड्ड्यात साठते, आणि शून्याच्या खाली ४० अंशांपर्यंतही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे थंडीत काम करतोय म्हणून काही होणार नाही हा समज चुकीचा आहे.

म्हणून काम उघड्यावर, बॅटरी काढून (निगेटिव्ह वायर आधी), आजूबाजूला हीटर, ग्राइंडर, सिगरेट काही नाही, आणि अग्निशामक हाताशी. पेट्रोल काढायला हातपंप घ्या, साधा इलेक्ट्रिक पंप नको, आणि प्लॅस्टिकच्या बादलीत ओतू नका कारण स्थिर वीज साठते. धातूचा कॅन घ्या आणि तो वायरने टाकीला जोडा. पेट्रोल वाहतं झालं की स्थिर वीज तयार होते, ती वायरमधून निघून जाते.

जुनीच दुरुस्त करायची का

पिनएवढं एकच भोक आहे, बाकी पत्रा जाड आहे आणि टाकी दुर्मीळ आहे, तर दुरुस्ती करण्यासारखी आहे, पण ज्याच्याकडे टाक्या धुवून निष्क्रिय वायू भरून वेल्ड करायची सोय आणि सवय आहे त्याच्याकडूनच. घरी वेल्डिंग नको, ब्रेझिंगही नको, दहा वेळा धुतली तरी नको. शिवणीच्या घडीत पेट्रोल अडकून राहतं आणि गरम झाल्यावर बाहेर येतं.

आतून ओतायचे सीलर मिळतात. जुन्या प्रकारचे काही सीलर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमध्ये मऊ पडून पापुद्र्यासारखे सुटतात आणि फिल्टर, पंप, कार्ब्युरेटर सगळीकडे पोचतात, त्यामुळे आधीच्या मालकाने सीलर टाकलेली टाकी मी तरी दुरुस्त करणार नाही, बदलेन. जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर आतून शिसं आणि कथिलाचा मुलामा असायचा, तो एकदा गेला की खालचा लोखंडी पत्रा उघडा पडतो, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, हिवाळाभर उभ्या गाडीत ते पाणी तळाला बसतं. म्हणून गंज बहुतेक वेळा तळातून सुरू होतो आणि बाहेरून दिसतो तेव्हा आत बरंच काही झालेलं असतं.

आणि काही किट कारमध्ये फायबरग्लासची टाकी असते. ती असेल तर गळत नसली तरी काढा. जुनं पॉलिस्टर रेझिन इथेनॉल चालावं म्हणून बनवलेलंच नव्हतं, ते विरघळतं आणि चिकट थर इनटेक व्हॉल्व्हवर जाऊन बसतो.

कुठून मिळवायची

नवीन बनवलेली डोनरची टाकी मिळाली तर तीच घ्या, बाकी पर्याय नंतर. फक्त मागवण्याआधी विक्रेत्याकडून सेंडरचं भोक आणि फिलरचा व्यास मोजून घ्या, कारण बाहेरून तंतोतंत दिसणाऱ्या टाकीत हेच दोन वेगळे निघतात.

स्क्रॅपमधली जुनी टाकी घ्यायची तर सेंडर काढून आत बघायला मिळालं तरच. आत तपकिरी पावडर दिसली, किंवा हलवल्यावर वाळूसारखा आवाज आला, तर सोडून द्या, तुम्ही तुमचाच प्रॉब्लेम परत विकत घेताय.

तिसरा रस्ता म्हणजे आकाराने जवळची तिसऱ्याच गाडीची टाकी, आणि किट कारला हा रस्ता शोभतो, मूळ बांधणाऱ्यानेही हेच केलं होतं. पण इथे टाकीचं माप घेऊन शोधू नका, जागेचं माप घेऊन शोधा. जुनी टाकी काढल्यावर रिकाम्या जागेत पुठ्ठ्याचा खोका बसवून बघा, अ‍ॅक्सल पूर्ण वर आला तर कुठपर्यंत येतो, सायलेन्सर किती जवळ आहे, प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा फिरता दांडा) कुठून जातो हे सगळं त्या खोक्यावर पेनाने मार्क करा. माझा पहिला खोका अ‍ॅक्सलच्या वाटेत येत होता, सस्पेन्शन जॅकने वर उचलून बघितलं म्हणून कळलं. टाकीची जागा किंवा प्रकार बदलताय तर गाडीच्या मंजुरीचे आपल्याकडचे नियम आधी बघून घ्या, बऱ्याच देशांत यासाठी परत तपासणी लागते.

रेडीमेड चौकोनी प्लॅस्टिकची टाकी (फ्युएल सेल) किंवा रेसिंगची ब्लॅडर, म्हणजे लवचिक पिशवीची टाकी हाही पर्याय आहे. एफआयए या मोटर रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एफटी३ मानकाची ब्लॅडर ५ वर्षांसाठी प्रमाणित असते, रोजच्या गाडीत तेवढ्यासाठी ती घेण्यात मला अर्थ वाटत नाही. बोटीची प्लॅस्टिक टाकी मात्र गाडीत बसवू नका, ती उघड्या हवेशीर जागेसाठी असते, तिच्या भिंतीतून वाफ झिरपते आणि बंद डिकीत वास साठत राहतो.

बनवून घ्यायची असेल तर

जागा वेडीवाकडी असेल तर शेवटी बनवून घेणंच बरं पडतं. तो मार्क केलेला पुठ्ठ्याचा खोका हेच तुमचं ड्रॉइंग. त्यातून चारही बाजूंनी किमान बोटभर जागा कमी करा, एक्झॉस्टच्या बाजूला त्याहून बरीच जास्त आणि मध्ये हीट शील्ड.

लिटरचा हिशोब सोपा आहे, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले १०००. ६० × ३५ × २० म्हणजे ४२ लिटर. एका बाजूला २५ आणि दुसऱ्या बाजूला १५ उंचीची उतरती टाकी असेल तर सरासरी २० धरा. यातला ५ ते ८ टक्के भाग कायम रिकामा राहायला हवा, कारण ४० लिटर पेट्रोल २५ अंशांनी तापलं की जवळपास १ लिटरने वाढतं, थंडगार भरून उन्हात लावलेल्या गाडीतून पेट्रोल सांडतं ते यामुळेच. ४० लिटरचं वजन साधारण ३० किलो, हे पट्ट्यांच्या जाडीसाठी लक्षात ठेवा.

मटेरियल अ‍ॅल्युमिनियम घेतलं तर ५२५१, ५०५२ किंवा ५०८३ ग्रेड, २ ते ३ मिलिमीटर, टिग वेल्डिंगने. ६०६१ टी६ नको, वाकवताना चिरतो. स्टेनलेस ३०४ घेतलं तर १.२ ते १.५ मिलिमीटर पुरतं, जड पडतं पण गंजाची चिंता जवळपास संपते. गॅल्वनाइज्ड पत्रा कोणी सुचवला तर नाही म्हणा, जस्ताशी पेट्रोल-पाण्याची प्रक्रिया होऊन पांढरी पावडर सुटते आणि कार्ब्युरेटरचे जेट बंद होतात.

आत बॅफल सांगायला विसरू नका. साधारण दर २५-३० सेंटिमीटरला पेट्रोलला आडवा येणारा एक उभा पत्रा, त्याच्या खालच्या कोपऱ्यांना पेट्रोलसाठी आणि वरच्या कडेला हवेसाठी कापलेली जागा. बॅफल नसलेल्या टाकीत पाव टाकी पेट्रोल असताना वळणावर इंजिन खोकतं कारण सगळं पेट्रोल एका बाजूला जातं. आणि फॅब्रिकेटरला सेंडरच्या फ्लोटची दांडी कुठपर्यंत फिरते ते कागदावर काढून द्या, नाहीतर नेमका बॅफल तिच्या वाटेत वेल्ड होतो आणि टाकी बंद झाल्यावर ते सुधारता येत नाही. बॅफलऐवजी फोम भरायचा म्हणत असाल तर लक्षात ठेवा की तो काही वर्षांनी चुरा होतो आणि वेळेवर बदलला नाही तर तो चुरा फिल्टरमध्ये जातो.

आउटलेट तळापासून १०-१५ मिलिमीटर वर, म्हणजे तळाचं पाणी आणि कचरा थेट ओढला जात नाही, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ड्रेन प्लग, पण तो चॅसिसच्या खाली लोंबता कामा नये. गाडीला नंतर फ्युएल इंजेक्शन बसवलं असेल किंवा बसवायचा विचार असेल तर आत्ताच रिटर्नची, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत आणणारी नळी घ्या. कार्ब्युरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय लागतात, इंजेक्शनला ३ बारच्या आसपास, आणि इंजेक्शनचा पंप क्षणभर हवा ओढली तरी इंजिन अडखळतं, त्यामुळे टाकीच्या आत छोटा कप किंवा बाहेर १-२ लिटरचा स्वर्ल पॉट (पंपासाठी कायम भरलेलं राहणारं छोटं भांडं) लागतो.

थ्रेडचा गोंधळ इथेच टाळा. एनपीटी (अमेरिकन) आणि बीएसपी (ब्रिटिश) हे पाइपचे थ्रेड दिसायला सारखे, अर्ध्या इंचाला तर दोन्हीत इंचाला १४ आटे, पण एकाचा कोन ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, हाताने दोन-तीन आटे जातात आणि मग गळत राहतं. सगळे थ्रेड एकाच प्रकारचे मागा आणि कागदावर लिहून द्या. पांढरी टेप पेट्रोलच्या जोडाला नको, तिचे धागे पुढे जातात.

टेस्टिंग स्वतः समोर उभं राहून करून घ्या. टाकी पूर्ण पाण्याने भरायची, सगळी भोकं बंद करायची, एका भोकातून पारदर्शक पाइप १ मीटर वर न्यायचा आणि तोही पाण्याने भरायचा. हा झाला साधारण ०.१ बार, आणि एवढं पुरे. कमी वाटतं, पण ६० × ३५ च्या एका बाजूवर हे २१० किलोचं वजन आहे. कॉम्प्रेसरने १ बार हवा भरली तर त्याच बाजूवर दोन टनांहून जास्त, टाकी फुगते आणि वेल्ड फाटला तर माणूस जखमी होतो. पाइपमधली पातळी तासाभरात उतरली नाही आणि कुठे ओल दिसली नाही तर टाकी पास. नंतर पूर्ण वाळवून घ्या.

सेंडर आणि गेज

नवीन टाकी बसवल्यावर काटा उलटा चालतो अशी तक्रार होते, ते टाकीमुळे नाही. सेंडरचे ओहम (विजेला होणारा रोध) गेजशी जुळत नाहीत. जुन्या अमेरिकन फोर्डमध्ये रिकामी टाकी ७३ आणि भरलेली १०, अमेरिकन युनिव्हर्सल २४० ते ३३, जनरल मोटर्समध्ये रिकामी ० आणि भरलेली ९०, युरोपियन व्हीडीओ कंपनीचे १० ते १८०. म्हणजे पहिल्या दोघांत पेट्रोल वाढलं की ओहम कमी होतात आणि पुढच्या दोघांत वाढतात. जुना सेंडर फेकण्याआधी फ्लोट वर-खाली करून मल्टिमीटरने दोन्ही टोकं मोजून ठेवा, नवा त्याच आकड्यांचा घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत गेजला १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो, तो बिघडला की काटा चुकीचं दाखवतो, त्यामुळे सेंडरला दोष देण्याआधी तो तपासा.

बसवताना

फायबर बॉडीत विसरली जाणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग. लोखंडी बॉडीत फिलर आपोआप चॅसिसला जोडलेला असतो, फायबरमध्ये तो हवेत लटकतो, आणि पट्ट्यांखाली रबर असल्यामुळे टाकीही वेगळी पडते. फिलरच्या मानेपासून टाकीला आणि टाकीपासून चॅसिसला अशा दोन वायर जोडा. स्थिर वीज निघून जाते आणि सेंडरलाही पक्कं अर्थ मिळतं.

पट्ट्यांखाली नमदा किंवा कापड नको, पाणी धरून ठेवतं आणि तिथेच गंज लागतो, बंद पेशींचं रबर घ्या. फिलरचा होज पेट्रोलसाठीचाच हवा, रेडिएटरचा होज आतून फुगतो, आणि तो सतत उताराचा असू द्या, मध्ये पोट पडलं तर भरताना पेट्रोल उलट उसळतं. बारीक लाइनसाठी इथेनॉलला चालणारा होज घ्या, एसएई जे३० आर९ छापलेला इंजेक्शनलाही चालतो. व्हेंटची (टाकीत हवा आत-बाहेर जाणारी) नळी टाकीच्या सगळ्यात वरच्या भागातून निघून उंच वळसा घेऊन बाहेर, डिकीत नाही, आणि तिच्यात गाडी उलटल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह. व्हेंट बंद असेल तर गाडी अर्धा तास चालून बंद पडते, झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि परत चालू होते, आणि लोक उगाच पंप बदलतात.

पहिल्यांदा भरताना ५-५ लिटर भरा. प्रत्येक वेळी सेंडरचे ओहम मोजा, गेजचा काटा कुठे आला ते लिहा, सगळे जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा. उतरत्या टाकीत काटा सारख्या वेगाने पडत नाही, त्यामुळे पाववर म्हणजे खरे किती लिटर ते या कागदावरूनच कळेल. हे करताना बॅटरी जोडलेली पण इंजिन बंद. मग पंप चालू करून लाइन तपासा, मग इंजिन, मग टाकी पूर्ण भरून रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खाली पुठ्ठा टाकून बघा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पट्ट्या आणि क्लिप परत आवळा, नवीन रबर बसतं आणि त्या थोड्या सैल होतात, आणि फिल्टर तेव्हाच बदलून टाका.